काचेच्या पेटीतून घरी आल्यावर

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावर इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे असे संपादकांनी सुचवले. विषय आहे गर्भावस्थेचे २८ आठवडेही पुरे होण्याआधी जन्मलेल्या मुलांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले प्रत्येक बाळ मुदतपूर्व असते आणि २८ आठवड्यांच्या आतले बाळ अतिमुदतपूर्व. जन्मतः त्याचे वजन बहुधा एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा अशा बाळाचे नातेवाईक ‘वाचेल का?’ एवढेच विचारत आणि आमचेही बोलणे त्यापलीकडे जात नसे. आताच्या पत्रांत मात्र ‘पुढे कसे होईल?’ हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका भेटीत देता येत नाही, कारण या मुलांच्या अडचणी एकदम समोर न येता वयाच्या क्रमाने येतात. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २७ आठवड्यांची असताना जन्मली, वजन ९१० ग्रॅम. ती ६८ दिवस काचेत होती. आता दहा महिन्यांची झाली तरी आधाराशिवाय बसत नाही, रांगण्याचे तर नावच नाही. जाऊबाईंचा मुलगा तिच्याहून तीन आठवड्यांनी लहान आहे आणि तो भिंतीला धरून उभा राहतो. सासूबाई म्हणतात, धीर धर, होईल सगळे. डॉक्टरांनी ‘करेक्टेड एज’ने बघा असे सांगितले, ते मला नीट कळले नाही. लसी कोणत्या वयाप्रमाणे द्यायच्या, तेही सांगावे. (एक आई, सांगली)

उत्तर : हिशेब सोपा आहे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुमची मुलगी २७ आठवड्यांची असताना आली, म्हणजे १३ आठवडे, ढोबळमानाने तीन महिने आधी. तिच्या दहा महिन्यांतून हे तीन महिने वजा केले की तिचे सुधारित वय सात महिने येते. सात महिन्यांचे बाळ पुढे हात टेकवून तिवईसारखे बसत असेल, पालथे पडत असेल, हाक मारल्यावर वळून बघत असेल, तर त्यात काही कमी आहे असे मी म्हणणार नाही. जाऊबाईंच्या मुलाशी तुलना करायचीच असेल, तर तो सात महिन्यांचा असताना काय करत होता ते आठवावे. वजन, उंची आणि डोक्याचा घेर आलेखावर मांडतानाही साधारण दोन वर्षांपर्यंत हेच वय धरायचे असते.

लसींचे मात्र उलट आहे. त्या जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात काही वजा करायचे नाही. बाळ लहान आहे म्हणून डांग्या खोकल्याची लस तीन महिने पुढे ढकलणारी घरे मी पाहिली आहेत. असे करण्यात धोका आहे, कारण हा आजार ज्या बाळांना सर्वांत जड जातो, त्यांतच ही बाळे येतात.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. धीर धरावा, पण डोळे उघडे ठेवून. सुधारित वयाच्या पांघरुणाखाली खरी अडचणही झाकली जाते, म्हणून काही गोष्टी सांगतो. सुधारित वयाचे चार महिने उलटल्यावरही मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, एकाच हाताने खेळणे घेणे आणि दुसरा हात विसरल्यासारखा पडून राहणे, लंगोट बदलताना मांड्या सहज न उघडणे, उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे, यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. वर्षाच्या आत बाळ ‘डावखुरे’ दिसत असेल तर ते कौतुक नसून उजव्या हाताची तपासणी करण्याचे कारण आहे. तपासणीसाठी आलेल्या एका बाळाची आजी मोठ्या अभिमानाने म्हणाली होती, ‘बसायला येत नाही अजून, पण उभे केले की काठीसारखा ताठ राहतो बघा!’ तिने उभे करून दाखवले. टाचा जमिनीपासून दोन बोटे वर होत्या आणि गुडघे वाकवायला गेलो तर वाकत नव्हते. त्या पायांत ताकद नव्हती, स्नायूंचा ताठरपणा होता. त्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू केली.

२८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांपैकी दहात साधारण एकाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा कायमचा दोष, होते. म्हणजे नऊ जणांना होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असताना टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी झाली असेल. तिचा अहवाल डिस्चार्ज कार्डावर पाहा. मेंदूत मोठा रक्तस्राव किंवा पोकळ्या नोंदल्या असतील तर तपासण्या अधिक जवळून हव्यात. अहवाल चांगला असेल तर चिंता बरीच उतरते, पण तपासण्या सुटत नाहीत. काही बाळांमध्ये पहिल्या वर्षात थोडा ताठरपणा येतो आणि मग विरतो, म्हणून एका भेटीवरून कोणी शिक्का मारला तर तो लगेच मान्य करू नका. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ कुठे आहे असे विचारले की पत्ता मिळतो.

आणि एक. बसवण्याचा चाकांचा वॉकर कोणी भेट दिला असेल तर तो परत करा. जुना पांगुळगाडा मूल उभे राहू लागल्यावर स्वतः ढकलत असे, ती गोष्ट वेगळी होती.

प्रश्न : सून सातव्या महिन्यात बाळंत झाली. नातू पंचाहत्तर दिवस दवाखान्यात होता, त्यातले बरेच दिवस ऑक्सिजनवर. घरी आणून तीन आठवडे झाले. आमच्याकडे अंघोळीनंतर बाळाला ओवा-शेपाची धुरी देतात, टाळू भरतात, गुटी उगाळून चाटवतात. मुलगा-सून यातले काहीच करू देत नाहीत. मी चार मुले वाढवली आहेत. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही, असे आमची आई सांगायची. मग एवढे भिण्याचे कारण काय? (एक आजी, लातूर जिल्हा)

उत्तर : आजी, तुमच्या आईने सांगितलेली समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकग्रंथांतही ती सापडते, पण ती खरी नाही. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो आणि आठव्या महिन्याचे बाळ सातव्याच्या बाळापेक्षा नेहमीच सुरक्षित असते.

धुरीच्या बाबतीत मी सरळ सुनेच्या बाजूने आहे. सातव्या महिन्याच्या सुरुवातीला फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या नुकत्या आकार घेऊ लागलेल्या असतात आणि त्यांना आतून चिकटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ जेमतेम तयार होत असतो. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच पदार्थाच्या अभावी ३९ तासांत गेला. तो तुमच्या नातवापेक्षा कितीतरी मोठा होता, वडील अमेरिकेचे अध्यक्ष होते, पण औषधच नव्हते. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० मध्ये बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळे सुधारल्याचे दाखवले. आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ मध्येच मांडले होते. तुमचा नातू घरी आला आहे तो बहुधा या दोन गोष्टींच्या बळावर.

पण जे यंत्र आणि जो ऑक्सिजन जीव वाचवतो, तोच त्या कोवळ्या फुप्फुसांना थोडी इजाही करतो. गर्भवयाच्या ३६ आठवड्यांपर्यंत ज्या बाळाला ऑक्सिजन लागतो, त्याच्या फुप्फुसांचा आजार दीर्घकाळचा आहे असे आम्ही धरतो. अशा मुलाची साधी सर्दी पहिल्या दोन वर्षांत छातीत उतरते, घरघर लागते आणि पुन्हा भरती करावे लागते. चुलीचा धूर, उदबत्ती, डास पळवणारी कॉइल, विडी ओढून आलेल्या माणसाच्या अंगावरचा वास, हे सगळे धुरातच आले. धुरीची हौस एखाद्या धडधाकट बाळालाही सोसते असे नाही, या बाळाला तर मुळीच नाही.

गुटीही नको. या वयात आईचे दूध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले लोह व ड जीवनसत्त्वाचे थेंब, एवढेच पोटात जावे. हे थेंब टाळू नका, कारण लोहाचा आणि हाडांसाठीच्या कॅल्शियमचा साठा बाळ आईकडून घेते तो मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तेच महिने याला मिळाले नाहीत. टाळूला तेलाचे बोट लावायला हरकत नाही, पण वाटी ओतून चोळू नये. नाका-कानात तेल घालू नये. मालिश हलक्या हाताने करावी, हाडे अजून बारीक आहेत.

तुमच्यासाठी खरे काम वेगळेच आहे. हात स्वच्छ धुवा, ब्लाउज किंवा सदऱ्याची बटणे सोडा आणि लंगोटावरच्या नातवाला उघड्या छातीशी उभा धरून वरून पांघरूण घ्या. याला कांगारू मातृसेवा म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून १९७८ मध्ये डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली आणि तिथल्याच मुलांची वीस वर्षांनी तपासणी केली, तेव्हा छातीशी वाढलेल्या मुलांमध्ये शाळेतली गैरहजेरी आणि वागण्यातला चंचलपणा कमी आढळला. हे काम आईनेच करावे असा नियम नाही. बाबा करू शकतो, आजी करू शकते, आणि सुनेला तेवढी दोन तासांची झोप मिळते. बारसे मात्र घरच्या घरी करा, सर्दी झालेल्या पाहुण्याला दारातूनच पेढा द्या, आणि सहा महिन्यांनंतर फ्लूची लस घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमचा मुलगा २६ आठवड्यांचा, ८४० ग्रॅमचा होता. ज्या रुग्णालयात होता तिथून डिस्चार्ज देताना डोळ्यांच्या तपासणीबद्दल आम्हाला कोणी स्पष्ट सांगितले नाही. कार्डाच्या मागे ‘आरओपी’ आणि एक तारीख आहे, ती उलटून गेली. मुलगा आमच्याकडे बघतो, दिव्याकडे बघतो. आता तपासणीची गरज आहे का? (एक वडील, जळगाव)

उत्तर : या पत्राला मासिकातून उत्तर देण्याइतका वेळ नव्हता, म्हणून ते वाचले त्याच दिवशी दूरध्वनी करून तुम्हाला नेत्रपटलतज्ज्ञांकडे पाठवले. इतर पालकांसाठी कारण इथे लिहितो.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मध्यातून कडेकडे वाढत जातात आणि ते काम पूर्ण दिवस भरताना संपते. बाळ आधीच जन्मले की ही वाढ अर्ध्यावर अडते आणि नंतर वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटू लागतात. त्यांनी पडदा ओढला गेला तर दृष्टी कायमची जाते. पडद्याच्या या आजारालाच आरओपी म्हणतात. १९४० च्या दशकात आणि १९५० च्या सुरुवातीला अमेरिकेत बाळांना मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिला जाई, तेव्हा हजारो बाळे यामुळे अंध झाली. १९५० मध्ये जन्मलेले गायक स्टीवी वंडर हे त्यांतलेच. या आजारात बाळाचा डोळा बाहेरून अगदी स्वच्छ, टपोरा दिसतो, बाळ दिव्याकडे बघतेही. बाहुली पांढरी दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ‘बघतो की!’ या निरीक्षणाला इथे काही किंमत नाही.

आपल्याकडचा नियम असा आहे की, ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची पडदा-तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी आणि २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाची तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. एकदा पाहून भागत नाही, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहावे लागते. लेझरची गरज निघाली तर ते दोन-तीन दिवसांत करावे लागते. तारीख हुकली असेल तर दोष कोणाचा हे नंतर ठरवा, आधी गाडी काढा. कार्डाच्या मागे तीन इंग्रजी अक्षरे लिहिणे म्हणजे पालकांना सांगणे नव्हे, हे मात्र माझ्या व्यवसायबंधूंनी ऐकावे.

पडदा सुखरूप असला तरी या मुलांना पुढे मोठ्या क्रमांकाचा चष्मा लागणे आणि तिरळेपणा येणे हे अधिक आढळते, म्हणून वर्षातून एकदा डोळे तपासावेत. कानांसाठी एनआयसीयूतल्या बाळाची ‘बेरा’ तपासणी व्हावी, तीत आवाजाला नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते कळते. फक्त कानाचा आतला भाग तपासणाऱ्या साध्या ओएई यंत्रावर ‘पास’ आले तरी कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेतला दोष त्यात सुटू शकतो.

प्रश्न : मुलगा २५ आठवड्यांचा, ७६० ग्रॅमचा होता. आता आठ वर्षांचा, तिसरीत आहे. चालतो, पळतो, सायकल चालवतो. वाचन उत्तम आहे, गोष्टींची पुस्तके संपवतो. पण गणितात फार मागे आहे. बाई म्हणतात, हुशार आहे पण आळशी आहे, वर्गात कुठेतरी हरवलेला असतो, दंगा मात्र करत नाही. आम्ही शिकवणी लावली, रागावलो, एकदा मारलेही. दोन वर्षांनंतर डॉक्टरांनी आता सगळे ठीक आहे म्हणून फाइल बंद केली होती. (एक आई, ठाणे)

उत्तर : ‘फाइल बंद केली’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. दोन वर्षांच्या मुलाकडे बघून चालणे, बोलणे, ऐकणे, दिसणे एवढेच सांगता येते. वजाबाकी, वेळेचे भान, तीन सूचना लागोपाठ लक्षात ठेवणे, मधल्या सुट्टीत खेळात शिरणे, या गोष्टी त्या वयात कोणी विचारतच नाही. त्यांची परीक्षा सहाव्या वर्षानंतर सुरू होते आणि नेमके तेव्हा आमच्याकडची फाइल बंद झालेली असते. ही आमच्या व्यवस्थेची चूक आहे, तुमच्या मुलाचा आळस नव्हे.

२५ व्या आठवड्यात मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. अक्रोडासारख्या वळ्या पडतात, एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे तंतू वाढतात, ते शेवटच्या तीन महिन्यांत. तुमच्या मुलाच्या मेंदूने हे काम पोटातल्या अंधारात न करता दिव्यांच्या उजेडात, यंत्रांच्या शिट्ट्यांमध्ये, सुया टोचून घेत केले. कुठे मोठी इजा झाली नाही तरी जोडणी थोडी वेगळी होते. त्याचा परिणाम सर्व विषयांवर सारखा होत नाही. भाषा आणि वाचन बऱ्यापैकी सावरते, पण काम करताना चार गोष्टी मनात धरून ठेवणे, डोळ्यांनी पाहिलेल्याची जागा आणि रांग ओळखणे, आणि वेग, हे मागे राहते. गणिताला नेमके तेच लागते.

एवढ्यात आलेल्या एका मुलाला मी ३५२ वजा १८ करायला सांगितले. त्याने रेघी वहीवर १८ लिहिले ते ३५ च्या खाली. मग मोठ्याने म्हणत, ‘पाचातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून एक घेतला’, हातचा बरोबर घेऊन त्याने १७ काढले, शेवटचा २ खाली उतरवला आणि उत्तर दिले १७२. वजाबाकी त्याला येत होती. आकडा कुठल्या घरात बसवायचा ते डोळ्यांना सापडत नव्हते. मी चौकटीची वही दिली, एकक-दशक-शतकाच्या घरांना तीन रंग लावले, आणि तेच गणित त्याने बिनचूक सोडवले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी त्याच गणिताच्या पायी किती रडारड झाली होती ते मग त्यांनी सांगितले.

तुमचा मुलगा या बाबतीत एकटा नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २५ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या मुलांचा ‘एपिक्युअर’ नावाचा अभ्यास आजही चालू आहे. सहाव्या वर्षी त्यांतली सुमारे २२ टक्के मुले तीव्र अपंगत्वाची, २४ टक्के मध्यम, ३४ टक्के सौम्य अडचणींची आणि २० टक्के कोणतीही अडचण नसलेली आढळली. अकराव्या वर्षी वाचनापेक्षा गणिताची अडचण अधिक मुलांमध्ये दिसली. हे आकडे तीस वर्षांपूर्वीच्या उपचारांचे आहेत आणि ते समूहाचे आहेत. त्यांतून एका मुलाचे भविष्य काढू नये. आपल्या पुण्यातही असे काम झाले आहे. केईएम रुग्णालयाच्या एनआयसीयूतून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोच्या आत वजनाच्या मुलांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. ती मुले बहुतांशी तुमच्या मुलापेक्षा मोठी होती, तरीही बाराव्या वर्षी चित्र बरेचसे तेच होते : बुद्ध्यंक सरासरी सर्वसामान्य कक्षेत, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी, आणि गणित, वाचन, डोळा-हात यांचा मेळ यांत अडचणी. दिवसही कमी आणि त्या दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशा मुलांना सर्वांत जास्त त्रास झाला.

‘हरवलेला असतो, पण दंगा करत नाही’ हे बाईंचे निरीक्षण मौल्यवान आहे, फक्त त्याचा अर्थ चुकला आहे. या मुलांमध्ये अवधानाची अडचण बऱ्याचदा चंचलपणाशिवाय येते. दंगेखोर मुलाच्या पालकांना आठवड्यात चिठ्ठी जाते, गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्याची तक्रार कोणी करत नाही. जोडीला भित्रेपणा आणि समवयस्कांत मिसळताना अडखळणे असू शकते. स्वमग्नतेचे प्रमाणही या मुलांत थोडे अधिक असते, त्यामुळे मित्र आहेत का, हा प्रश्न गुणपत्रिकेइतकाच विचारावा.

आता करायचे काय? पहिल्यांदा डोळे आणि कान पुन्हा तपासा, कारण चष्म्याची गरज असलेले मूलही ‘आळशी’ ठरते. मग बालमानसतज्ज्ञांकडून बुद्धिमापन आणि अध्ययनक्षमतेची चाचणी करून घ्या. आठ वर्षे हे त्यासाठी योग्य वय आहे. अध्ययन अक्षमता निघाली तर २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत वाढीव वेळेसारख्या सवलती प्रमाणपत्रावर मिळतात, म्हणून कागद आत्ताच नीट ठेवायला लागा. मुलाचा जन्म २५ व्या आठवड्याचा आहे हे बाईंना समक्ष भेटून सांगा. बहुतेक शिक्षकांना जन्माचे आठवडे आणि तिसरीचे गणित यांचा संबंध कोणी सांगितलेलाच नसतो. त्याला पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, फळ्यावरून उतरवण्याचे ओझे कमी करावे. पाढे मात्र म्हणून घ्या, रोज, तालात, जिना चढताना. पाठांतराची टिंगल करण्याची अलीकडे पद्धत आहे, पण ज्याच्या मनात एका वेळी कमी गोष्टी मावतात, त्याला सात अठ्ठे छप्पन्न तोंडपाठ असले की तेवढी जागा मोकळी होते. शिकवणी बंद करा, किंवा कमी मुलांची शोधा. मारल्याबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे, तेव्हा मी त्यावर वेगळे काही लिहीत नाही. अडचण कशात होती ते त्याला एकदा सांगा, त्यालाही ते ठाऊक नाही.

प्रश्न : मुलीची जन्मतारीख १० ऑक्टोबर, पण प्रसूतीची अपेक्षित तारीख ८ जानेवारी होती. शाळा म्हणते, वयात बसते, पहिलीत घाला. काय करावे? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असण्याचा निकष आहे. तुमची मुलगी वेळेवर आली असती तर पुढच्या वर्षीच्या मुलांत बसली असती. वयात बसते म्हणजे बसवलीच पाहिजे असे नाही. पेन्सिल धरणे, स्वतः डबा खाणे, अर्धा तास एका जागी रमणे यांत ती मागे असेल, तर बालवाडीत आणखी एक वर्ष ठेवायला मी सुचवेन. ती तयार दिसत असेल तर उगाच रोखू नका.

प्रश्न : मी स्वतः २७ व्या आठवड्यात, ९८० ग्रॅमची जन्मले. आता २४ वर्षांची आहे, नोकरी करते, पुढच्या वर्षी लग्न आहे. चष्मा आणि जिना चढताना लागणारी धाप सोडली तर मला काही नाही. मी काही तपासण्या कराव्यात का? माझे मूलही असेच होईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुमच्या पिढीचे आम्ही अजून शिकतो आहोत, कारण इतक्या लहान बाळांनी मोठ्या संख्येने तारुण्यात येण्याची इतिहासातली ही पहिलीच वेळ आहे. जे पक्के आहे ते सांगतो. तुमच्यासारख्या तरुणांचा वरचा रक्तदाब समवयस्कांपेक्षा सरासरी तीन-चार एककांनी जास्त असतो. एक कारण मूत्रपिंडात आहे. तिथल्या गाळण्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होणे थांबते आणि मोठा वाटा शेवटच्या तिमाहीचा असतो, त्यामुळे लवकर आलेल्याकडे त्यांची संख्या कमी राहू शकते. म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब मोजा, मीठ बेताने खा आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. धाप लागते त्यासाठी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, करून घ्या. जन्माचा इतिहास न सांगता गेलात तर ‘दमा आहे’ म्हणून पंप हातात मिळेल, आणि तो लागू पडेलच असे नाही. तंबाखूचा धूर टाळा, स्वतःचा आणि इतरांचाही. चालणे, पोहणे जरूर करा.

आई मुदतपूर्व जन्मलेली असेल तर तिची प्रसूती लवकर होण्याची शक्यता थोडी वाढते, पण अशा बहुतेक स्त्रियांची बाळे दिवस भरूनच जन्मतात. गरोदरपणात पहिल्याच भेटीत हे सांगा, रक्तदाबावर लक्ष ठेवायला सांगा, आणि एनआयसीयूची सोय असलेल्या ठिकाणी नाव नोंदवा.

कॅनडातील हॅमिल्टनमध्ये डॉ. सरोज सैगल या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९७७ ते १९८२ मध्ये जन्मलेल्या, एक किलोच्या आतल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. ती किशोरवयात आल्यावर त्यांनी त्यांनाच विचारले, तुमचे आयुष्य तुम्हाला कसे वाटते? बहुसंख्यांनी ते चांगले असल्याचे सांगितले, पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळपास इतक्याच प्रमाणात. गंमत अशी की, असे आयुष्य कसे असेल हे डॉक्टर आणि परिचारिकांना विचारले, तेव्हा त्यांनी मुलांपेक्षा आणि पालकांपेक्षा कमी गुण दिले.

आईकडे तुमचे एनआयसीयूचे कार्ड असेल तर ते मागून घ्या आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवा. त्या काळातली शाई फार टिकत नाही.